रुमालाखाली दिलेला तालुका

लोहा, १२ जून २०२३

गुरुबसप्पास भुजंगाचा रामराम.

तुला फोन केला होता. अमरनाथने उचलला. म्हणाला, अप्पांना ऐकू येत नाही, काय असेल ते मला सांगा. तुझ्या पोराला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

माझी नात पुनम, बजरंगची थोरली. बी.कॉम. झाली, नांदेडला एका कर सल्लागाराकडे कामाला होती. आता म्हणते, लोह्यात स्वतःचं दुकान टाकते. दुकान म्हणजे माल विकायचा नाही. दुसऱ्या दुकानदारांची कामं करायची. जीएसटी भरायचा, परवाने काढायचे, कुरिअर, छपाई, सगळं एका ठिकाणी. अशा दुकानांच्या मोठ्या कंपन्या असतात, त्यांचं नाव लावायचं, त्याला फ्रँचायझी म्हणतात. तिनं तीन कंपन्यांचे कागद आणलेत. कोण किती घेतं, कसं घेतं, ते सोबत पाठवतो.

रस्त्यात जमीन गेली तिचे पैसे बँकेत आहेत. मी ते पुनमला द्यायला तयार आहे. बजरंग नाही. तो म्हणतो, "पोरीचं लग्न करा, हदगावचं स्थळ दारात उभं हाय." बापलेकीचं रोज वाजतं. शेवटी बजरंगच म्हणाला, "उदगीरच्या काकानं ओळख दिली तर मी हूं का चूं करणार न्हाई. न्हाई दिली तर दिवाळीनंतर बस्ता बांधायचा."

ओळख म्हणजे काय, हे पुनमला मीच सांगितलं. मोंढ्यात अडतीच्या गादीवरून तू एखाद्या परक्या व्यापाऱ्याला 'हा माझ्या ओळखीचा' म्हणालास की आम्ही शेतकरी डोळे झाकून त्याला माल घालायचो. तो बुडाला तर तू तुझ्या गल्ल्यातून भरून द्यायचास. तसं दिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुनम हसली. म्हणाली, "म्हंजी फुकटचा विमाच की, आजोबा."

कागद बघ आणि सांग. पोरीचं काय करायचं ते तुझ्या उत्तरावर आहे.

तुझा
भुजंग


उदगीर, २१ जून २०२३

श्री. भुजंगराव यांस गुरुबसप्पा मलप्पा यांचा शरणार्थ.

तुमचे बारा तारखेचे पत्र पोचले. तिकीट उलटे चिकटविले होते. टपाल खात्याने चालवून घेतले. मी असतो तर परत केले असते.

मला ऐकू येते. फोनवर येत नाही. अमरनाथ हा भेद करीत नाही, तो तुम्ही करावा.

तिन्ही कंपन्यांचे कागद वाचले. जेथे मराठी होते तेथे मजकूर वाचला, जेथे इंग्रजी होते तेथे आकडे वाचले. आपण दोघे चौथीपर्यंतच शिकलो. परंतु निजामी नुकतीच गेली होती आणि गुरुजींनी आपल्याकडून पाढे उर्दूतही म्हणवून घेतले आणि मराठीतही. उत्तर दोन्हीकडे एकच येत असे, हे तुम्हास स्मरत असेल.

फ्रँचायझीचा अर्थ मी असा समजतो की, दुसऱ्याचे नाव आपल्या दारावर लावावे आणि त्या नावाचे भाडे त्यास द्यावे. तेव्हा पाहण्याची गोष्ट ही की, ते भाडे धंदा झाल्यावर द्यावयाचे, की धंदा होवो अथवा न होवो.

पुण्याची पूर्वा कंपनी प्रवेशाचे सव्वा लाख घेते व परत देत नाही. त्यानंतर प्रत्येक पावतीवर शेकडा पंधरा. पावती फाडली नाही तर काही नाही. मी शेकडा तीनच्या अडतीवर हयात काढली, म्हणून मला पंधरा हा आकडा मोठ्याने वाचवला नाही. शिवाय हे पंधरा नफ्यावर नाहीत, गल्ल्यावर आहेत. जागेचे भाडे, वीज, नोकराचा पगार हे सर्व त्यानंतर.

हैदराबादची छत्र कंपनी प्रवेशास केवळ साठ हजार मागते आणि पावतीवर काहीच घेत नाही. तुमच्या नातीने या कागदावर पेन्सिलीने पसंतीची खूण केली आहे. ती पुसावी. दरमहा आठ हजार, गिऱ्हाईक आले तरी आणि न आले तरी. संगणकाच्या कार्यक्रमाचे दरवर्षी निराळे. आणि पाच वर्षांच्या आत सोडल्यास उरलेल्या सर्व महिन्यांचे एकदम. आत जाण्यास स्वस्त आणि बाहेर पडण्यास महाग असे हे घर आहे.

मुंबईची निरंतर कंपनी, जिची कचेरी लातुरात आहे, प्रवेशाचे तीन लाख घेते. टेबल, खुर्च्या, यंत्रे तिच्याकडूनच घ्यावयाची, त्यांचे दोन लाख. मग पावतीवर शेकडा आठ, परंतु महिन्यास सहा हजारांहून कमी नाही. ही सर्वांत महाग दिसते. तथापि फलक, जाहिरात आणि नातीचे शिक्षण त्यांच्याकडे आहे. मला आणखी एक गोष्ट दिसते. ज्याने आपल्या नावाचे तीन लाख मागितले तो त्या नावास जपेल. ज्याने साठ हजारांत दिले तो ते वाटेल त्यास देईल.

येथवर केवळ आकडे झाले. मी ओळख देत नाही. ज्या कंपनीच्या माणसाचे तोंड मी पाहिले नाही तिची ओळख देणे हा दस्तूर नव्हे. नातीस असेही सांगावे की, ओळख म्हणजे विमा नव्हे. विम्यात पैसे घेऊन शब्द देतात. आणि ज्याची ओळख बुडाली त्याने ती भरून देईपर्यंत दुसऱ्या कोणाचीही ओळख द्यावयाची नसते, सख्ख्या मुलाचीही नाही. असे विमेवाल्यांत नाही.

आपला
गुरुबसप्पा मलप्पा


लोहा, ३ जुलै २०२३

गुरुबसप्पास रामराम.

सत्तर वर्षं झाली, तोंडावर तू मला भुजंग्या म्हणतोस आणि पत्रात तुम्ही. मला दर वेळी वाटतं, हे पत्र तहसीलदाराचं आहे.

पुनमनं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. छत्र कंपनीपाशी आली आणि तो कागद पुन्हा काढून बघितला. मग म्हणाली, "अप्पा बरोबर हायत. सोडून जायचं कलम मी बघितलंच न्हाई." खूण पुसली.

बजरंगचं मात्र तोंड सुटलं. म्हणाला, "काकाच्या हातात आता काय राहिलंय? गादीवर बसत्यात, पण मुनीम अमरनाथला इचारून लिवतो. ओळख द्यायची तर अमरनाथनं द्यावी. म्हाताऱ्याची ओळख काय लोणच्याला घालायची?" मी त्याला झाडला. पण शब्द घरात पडला तो पडला. तुझ्यापासून लपवत नाही.

पुनमला विचारलं, तुझं काय म्हणणं. म्हणाली, "निरंतर चांगली हाय. पण तालुक्यात आपण एकटेच ऱ्हाणार का, ह्ये ठरल्याबिगर तीन लाख द्यायचे न्हाईत. लोह्याएवढ्या गावात तेच नाव दोन दारांवर लागलं, तर दोन्ही दुकानं मरतील."

हदगाववाले आठवड्याला फोन करून राहिलेत. लवकर लिही.

भुजंग


उदगीर, २४ जुलै २०२३

श्री. भुजंगराव यांस शरणार्थ.

बजरंगाचे वाक्य वाचले. त्यास उत्तर देणे माझ्या वयास शोभत नाही. म्हणून मी लातूरला गेलो.

अमरनाथ म्हणाला, गाडीने नेतो. मी बसने गेलो. निरंतरची कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे. दार काचेचे असल्याने ते उघडे की बंद, हे समजण्यास मला थोडा वेळ लागला. तेथील साहेबांचे नाव मन्मथ. वय तिशीचे, कपाळी विभूती. मला पाहताच उठून पाया पडले आणि कन्नडात विचारले, "अप्पा, ऊट आयता?" जेवण झाले का, हे हल्ली मला माझ्या घरीही कोणी कन्नडात विचारीत नाही.

मी म्हटले, "जेवणाचे नंतर. आपला शेवटचा भाव सांगा."

ते म्हणाले, "अप्पा, रेट फिक्स असतो. कंपनीचा असतो, माझा नसतो."

"असा भाव अद्याप जन्मास आलेला नाही," असे म्हणून मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. शेजारच्या टेबलावरील मुली पाहू लागल्या. मन्मथ हसले. म्हणाले, "माझे आजोबा भालकीच्या बाजारात असंच करायचे. थांबा, मला येतं का बघू." आणि त्यांना येत होते. मी दोन बोटे दाबली, त्यांनी हात ओढून घेतला. मी पुन्हा धरला. चार वेळा असे झाले. पाचव्या वेळी अडीचवर बोटे थांबली. तीन लाखांचे अडीच झाले.

रुमाल तसाच ठेवून मी विचारले, "लोहा तालुक्यात दुसरे केंद्र देणार?"

ते म्हणाले, "तुमची नात असताना दुसऱ्याला कशाला देऊ, अप्पा?" आणि त्यांनी माझा हात दाबला.

हात रुमालाखाली असताना निघालेला शब्द उघड्यावर पुन्हा विचारावयाचा नसतो. विचारला तर सौदा मोडतो. उघडे लिलाव आल्यापासून हे लोक विसरले; तुम्ही विसरला नसाल. मी पुन्हा विचारले नाही. नंतर त्यांनी मला जेवू घातले.

मी ओळख देतो. निरंतर कंपनी माझ्या ओळखीची आहे. हे वाक्य बजरंगास वाचून दाखवावे.

आपला
गुरुबसप्पा मलप्पा


लोहा, १ ऑगस्ट २०२३

गुरुबसप्पास रामराम.

वाचून दाखवलं. बजरंग उठून बाहेर गेला, आणि येताना पेढे घेऊन आला. एवढं पुरे.

कराराचा कागद आलाय. प्रवेश अडीच लाखच लिहिलाय, तुझ्या बोटांप्रमाणे. पण पुनमनं सगळा इंग्रजी कागद दोन दिवस बसून वाचला. पान सतरावर असं आहे म्हणे, की कंपनीला वाटेल तेव्हा, वाटेल तिथं, वाटेल तितकी केंद्रं देता येतील आणि आपण तक्रार करायची नाही. पुनम म्हणाली, "आजोबा, अप्पांना म्हणावं त्या साहेबाकडनं दोन ओळी लिहून आणा. मेलवर टाकल्या तरी चालंल. लिहून दिल्याबिगर मी सही करणार न्हाई."

मी म्हणालो, अगं, त्यांच्यात रुमालाखाली झालंय. तर म्हणते, "रुमालाखाली कंपनी न्हाई बसली, आजोबा. एक नोकर बसलाय."

तूच सांग काय करू. राग मानू नको.

भुजंग


उदगीर, ७ ऑगस्ट २०२३

श्री. भुजंगराव यांस.

पत्र पोचले.

शब्द दिलेल्या माणसाकडे तोच शब्द लिहून मागणे म्हणजे तू खोटा आहेस असे त्यास सांगणे होय, आणि ज्याने तो शब्द घेतला त्यासही. मी लातूरला जाऊन ही भीक मागणार नाही.

तुमची नात शिकलेली आहे. तिला कागद वाचता येतो. माणूस वाचण्यास गादीवर पन्नास वर्षे बसावे लागते. तिने सही करावी. न करावयाची असल्यास माझी ओळख परत केली असे कळवावे. मग मी पुन्हा कोणत्याही व्यवहारात पडणार नाही आणि आपणही पत्र लिहिण्याची तसदी घेऊ नये.

गुरुबसप्पा मलप्पा


लोहा, २६ ऑक्टोबर २०२३

गुरुबसप्पास रामराम.

दसऱ्याला दुकान उघडलं. तू आला नाहीस, अमरनाथचा फोन आला की अप्पांचे गुडघे धरलेत. तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती, त्यावर बजरंगनं नारळ ठेवला.

सही पुनमनं केली. कशी केली ते सांगत बसत नाही. मी रात्रभर तुझं पत्र तिच्यापुढं ठेवलं होतं. सकाळी म्हणाली, "तुमच्या दोस्तीसाठी करते, कागदासाठी न्हाई."

आता मात्र झकास चाललंय. निळा फलक, वर निरंतर आणि खाली लहान अक्षरांत पुनमचं नाव. किराणावाले, कापडवाले, खतवाले रांगेत. माळाकोळीहून एक सोनार आला परवान्यासाठी. पुनम त्यांना म्हणते, "दादा, बसा, टोकन घ्या," आणि बडे बडे शेटजी गुमान टोकन घेऊन बसतात. बजरंग दुपारी स्वतः तिचा डबा नेतो. हदगावला 'नाही' कळवलं.

भुजंग


उदगीर, १० नोव्हेंबर २०२३

श्री. भुजंगराव यांस शरणार्थ.

फलकाचे छायाचित्र अमरनाथाने त्याच्या मोबाइलवर दाखविले. अक्षरे सरळ आहेत.

मोंढ्यात ही गोष्ट पसरली आहे. दोन व्यापारी मुद्दाम माझ्याकडे विचारावयास आले की, अप्पा, निरंतर कशी आहे. मी त्यांना योग्य ते सांगितले. काल मुनीमाने एका गिऱ्हाइकाची उधारी लिहिण्यापूर्वी माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली, मगच त्याने लिहिले. अमरनाथ समोर होता.

नातीस आशीर्वाद. तिने पान सतराची चिंता करू नये.

आपला
गुरुबसप्पा मलप्पा


लोहा, ११ सप्टेंबर २०२४

गुरुबसप्पास रामराम.

बरेच महिने लिहिलं नाही. चांगलं चाललं की हात कागदाकडं जात नाही. आता लिहावं लागतंय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तहसीलसमोर निरंतरचाच दुसरा फलक लागला. तेच नाव, तोच निळा रंग, आपल्यापेक्षा दीडपट मोठा. नांदेडच्या एका ठेकेदाराच्या पोराचं आहे. त्याला कमाईची घाई नाही, म्हणून निम्म्या पैशात कामं करतो. आपला किराणावाला पुनमला म्हणाला, "ताई, कंपनी तर एकच हाय. तिकडं निम्म्यात होऊन राहिलं. मग मी हिकडं कशाला येऊ?" तिला भाव उतरवता येत नाही. पावत्या कमी झाल्या तरी महिन्याचे सहा हजार कंपनी कापून घेतेच.

कामाला ठेवलेली बाई काढली. पुनम आता स्वतः झाडून काढते आणि काचेमागं बसून राहते. टोकनचं यंत्र बंद केलंय.

ती एकदाही 'मी म्हणाले होते' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

तू मन्मथ साहेबाशी बोल. तालुका तुझ्या हातावर दिलाय त्यानं.

भुजंग


उदगीर, ५ ऑक्टोबर २०२४

श्री. भुजंगराव यांस शरणार्थ.

मी लातूरला जाऊन आलो. कचेरीत माझा उचित सन्मान झाला. श्री. मन्मथ कामानिमित्त अन्यत्र असल्याने भेट झाली नाही. तेथील अधिकारी बाईंनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले व प्रकरण वरिष्ठांकडे पाठविण्याचे मान्य केले. मला पाणी देण्यात आले.

विचार चालू आहे. घाई करू नये. नातीने दुकान बंद ठेवू नये.

आपला
गुरुबसप्पा मलप्पा


लोहा, २८ नोव्हेंबर २०२४

गुरुबसप्पा,

पुनम स्वतः लातूरला जाऊन आली. तुला सांगितल्याशिवाय गेली. मीही आजच ऐकतोय.

मन्मथ कामानिमित्त कुठं गेलेला नाही. उन्हाळ्यातच नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेला. जायच्या आधी वर्षाचा आकडा पुरा करायला लोह्याचं दुसरं केंद्र तोच देऊन गेला. मंजुश्री म्हणून एक मुलगी आहे टेबलावर, तिनं हे सांगितलं. पुनमनं लोह्याचं नाव घेतलं तर ती मुलगी म्हणाली, "तुमचेच का ते आजोबा? मागं एक अप्पा आले होते. मी ॲग्रीमेंट नंबर विचारला तर म्हणाले, रुमालाखाली झालंय. मला काही कळेना. दिवसभर बाकावर बसून होते, मांडीवर रुमाल अंथरून. संध्याकाळी ऑफिस बंद करताना शिपायानं हाताला धरून जिना उतरवला."

तू हे लिहिलं नाहीस. मला पाणी देण्यात आले एवढंच लिहिलंस.

दुकान उतरवलं. टेबलं, खुर्च्या, यंत्रं त्या ठेकेदाराच्या पोरानंच मोडीच्या भावात घेतली. फलक कंपनीची माणसं काढून घेऊन गेली, नाव त्यांचं आहे म्हणून. खाली पुनमचं नाव होतं ती पट्टीपण गेली.

हदगाववाल्यांना बजरंगनं फोन केला. ते अजून थांबलेच होते. खतबियाण्याचं दुकान आहे त्यांचं. माघात लग्न. बस्ता बांधताना पुनमला साड्या दाखवल्या तर म्हणाली, "कुठलीबी घ्या."

तू मनाला लावून घेऊ नकोस.

भुजंग


उदगीर, ९ डिसेंबर २०२४

श्री. भुजंगराव यांस.

माझी ओळख बुडाली. दस्तुराप्रमाणे भरपाई माझ्याकडे येते.

पेढी, घर व गाडी अमरनाथाच्या नावावर आहेत. त्यातील काही मी मागणार नाही. सोबत पंचवीस हजारांचा धनादेश जोडला आहे. ही रक्कम मी माझ्या समाधीच्या खर्चासाठी निराळी ठेवली होती. उरलेल्याची व्यवस्था हप्त्याने करीन. एकूण आकडा कळवावा.

पोच द्यावी.

गुरुबसप्पा मलप्पा


लोहा, २२ डिसेंबर २०२४

गुरुबसप्पा, दोस्ता,

चेक परत पाठवतोय. वेडा आहेस का तू? समाधीचे पैसे मी खाऊ?

हे ओळखीचं प्रकरण तू अजून धरून बसलास. ते दिवस गेले, बाबा. तो मोंढा गेला, ते व्यापारी गेले. आता कोण ओळख मागतंय आणि कोण मानतंय? बजरंगलापण मी सांगितलं, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर आपण गेलो, चूक आपली. तो म्हणाला, "जाऊ द्या आबा, काकाला काय बोलायचं आता." तुझ्यावर कुणाचा राग नाही. तू काही बाजारात नाहीस आता. दोन घास खा, देवाचं नाव घे, नातवंडांत बस. माझ्याकडनं सगळं माफ आहे.

लग्नाला ये. गुडघे दुखत असतील तर नको येऊ.

तुझा
भुजंग


उदगीर, ३० डिसेंबर २०२४

श्री. भुजंगराव यांस.

परत केलेला धनादेश पोचला.

मोंढ्यात ज्यास देता येत नाही त्याचे दिवाळे निघाले असे म्हणतात. ज्याच्याकडून घेत नाहीत त्यास काय म्हणतात, हे आपणास ठाऊक आहे. त्याचे तेरावे झालेले असते.

लग्नास येणे होणार नाही. यापुढे पत्र लिहू नये.

गुरुबसप्पा मलप्पा


हदगाव, १७ मार्च २०२५

उदगीरच्या अप्पांस,

मी पुनम. आजोबांच्या दोस्तांना पत्र लिहायची ही माझी पहिली वेळ, काही चुकलं तर चुकलं.

आजोबांनी तुमचा चेक परत केला हे मला परवा कळलं, माहेरी गेले तेव्हा. ते म्हणाले, "अप्पा लई कष्टी झालाय, पत्रंबी बंद केली त्यानं. मी तर माफ केलं व्हतं." मी म्हणाले, तुम्ही कोण माफ करणारे?

अप्पा, त्यांनी केलं असेल. ते तुमचे मित्र. मी माफ केलेलं नाही.

पान सतरा मी वाचलं होतं. दोन ओळी लिहून मागितल्या होत्या. तुम्ही लिहिलंत, तिला कागद वाचता येतो, माणूस वाचण्यास गादीवर पन्नास वर्षे बसावे लागते. ते वाक्य मला पाठ आहे. इथे मी खताच्या दुकानात मागच्या टेबलावर बसते. जीएसटी मीच भरते, खतांच्या कंपन्यांशी मीच बोलते. फलकावर सासऱ्यांचं नाव आहे. पगार नाही, कारण घरचं काम आहे. गिऱ्हाईक आलं की सासरे म्हणतात, "सूनबाई, आत जा." तुमचं वाक्य मला रोज आठवतं.

मन्मथनं फसवलं, कंपनीनं तिच्या कागदाप्रमाणे केलं. त्या दोघांशी माझं भांडण नाही, त्यांना मी ओळखतच नव्हते. ओळख तुम्ही दिलीत.

तर हिशोब असा. खुर्च्या-यंत्रं मोडीत गेली ते नुकसान मी सोसते. महिन्याचे सहा-सहा हजार गेले तेही सोसते, दुकानाची हौस माझी होती. प्रवेशाचे अडीच लाख राहतात. ते नावाचे होते, आणि नाव तुमच्या शब्दावर घेतलं. जमिनीचे पैसे आजोबांनी मला दिले होते, करारावर सही माझी आहे, तेव्हा मागणंही माझंच आहे. ते मला पाहिजेत. तुमच्याकडून पाहिजेत, अमरनाथकाकांकडून नाही. एकदम नसतील तर हप्त्यानं द्या. माझ्या एकटीच्या नावावर द्या. बजरंग पाटलांच्या नाही, आणि इथल्या कुणाच्या तर मुळीच नाही. आजोबांना विचारायची गरज नाही.

तुमची तब्येत विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही.

पुनम


उदगीर, २९ मार्च २०२५

सौ. पुनम यांस गुरुबसप्पा मलप्पा यांचा शरणार्थ.

आपले सतरा तारखेचे पत्र पोचले. तिकीट सरळ होते.

आपली मागणी योग्य आहे आणि योग्य माणसाकडे केली आहे. पान सतरा आपण बरोबर वाचले होते. मन्मथाचा हात मी चुकीचा वाचला. आपण मागितलेल्या दोन ओळी आणणे माझे काम होते. ते मी केले नाही. यावर अधिक लिहिल्याने रक्कम कमी होत नाही, म्हणून लिहीत नाही.

उत्तरास विलंब झाला, कारण जुन्या धनादेशाची मुदत संपली होती आणि तो आपल्या आजोबांच्या नावे होता. बँकेत जाऊन नवीन घेतला. पंचवीस हजारांचा, केवळ आपल्या नावे, सोबत जोडला आहे. आपल्या पत्राविषयी मी घरात कोणास सांगितलेले नाही. अमरनाथाने विचारले, अप्पा, बँकेत काय काम होते. मी म्हटले, व्यवहार आहे.

उरलेल्या सव्वादोन लाखांची व्यवस्था अशी. मोंढ्यात मागच्या बाजूस एक जुनी कोठी आहे. तेवढीच माझ्या नावावर राहिली आहे, कारण तिची कोणास आठवण नव्हती. तिचे भाडे अडीच हजार येते. ते दरमहा पाच तारखेस आपल्या खात्यात भरीन. खात्याचा क्रमांक कळवावा. प्रत्येक हप्त्याची पोच आपल्या सहीने पाठवावी. हप्ता चुकल्यास कडक शब्दांत लिहावे. वयाकडे पाहू नये.

आपल्या आजोबांस सांगावे की, त्यांनी पत्र लिहिल्यास मी उत्तर देईन. त्यांना माझ्यावर रागावता येत नाही, हा त्यांचा दोष आहे आणि या वयात तो सुधारणे कठीण आहे.

हिशेबाप्रमाणे शेवटचा हप्ता साडेसात वर्षांनी येतो. मी आज ब्याऐंशी वर्षांचा आहे. ज्याची ओळख बुडाली त्याने ती भरून देईपर्यंत दुसऱ्या कोणाची ओळख द्यावयाची नसते, हे मी आपल्याच कामाच्या पहिल्या पत्रात लिहिले होते. म्हणून एक गोष्ट आधीच कळवून ठेवतो. मी मध्येच गेलो, तर राहिलेले हप्ते अमरनाथ देईल किंवा न देईल. त्याची ओळख मी देत नाही.

आपला
गुरुबसप्पा मलप्पा